नॉर्मल नमुना

३ जून
कॉलेज सुरू झालं. प्रयोगशाळा-तंत्रज्ञाच्या असोसिएट डिग्रीचं दुसरं आणि शेवटचं वर्ष. वर्गात मी सोडून सगळे विशीतले. आज पांढऱ्या पेशी मोजायला शिकवल्या. नॉर्मल नमुना म्हणून ज्यानं त्यानं स्वतःचंच रक्त घ्यायचं, अशी इथली पद्धत. सगळ्यांचे आकडे सहा ते नऊ हजारांत आले. माझा एकतीस हजार. रक्तात मिसळायचा द्रव नीट ढवळला नसणार. मॅडम म्हणाल्या, पुन्हा करा.
या वर्षीचे संकल्प: रोज पहाटे चालणे. लिफ्ट बंद. तब्येतीची हेळसांड नाही. आमच्या हिनं सहा महिने सगळं अंगावर काढलं आणि गेली. शेवटी रिपोर्ट हातात आला तेव्हा डॉक्टर आकडे सांगत होते आणि मी नुसती मान हलवत होतो. म्हणून तर नोकरी सोडून हा कोर्स. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही.

५ जून
पुन्हा केलं. तेहतीस हजार. पिपेट खराब आहे. माझ्या टेबलावरची जोडीदार मुलगी सतत चिवचिवते, म्हणून मी तिला मनात चिमणी म्हणतो. ती भिंगातून डोकावून म्हणाली, काका, इथं तर बाजार भरलाय! मी हसलो नाही. जर्नलमध्ये ७२०० लिहिलं.
चालणं सोमवारपासून.

११ जून
शिरेतून रक्त काढण्याचा सराव. चिमणीनं माझं काढलं. संध्याकाळपर्यंत कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा. मी मोठ्या मनानं म्हटलं, असू दे, शिकशील. तर म्हणते, काका, मी सहा जणांचं काढलं, बाकी कुणीच निळं पडलं नाही. आजकालच्या मुलांना चूक मान्य करायला नको.

१८ जून
पँट सैल होतेय. खिळा तापवून पट्ट्याला नवीन भोक पाडलं. व्यायामाचा परिणाम. चालायला अजून सुरुवात केलेली नाही, पण नुसतं ठरवल्यानंही फरक पडत असावा.
लिफ्ट मात्र वापरावी लागते. या इमारतीचे जिने बांधणाऱ्यानं पायऱ्या फार उंच केल्यात.

२४ जून
मॅडमनी जर्नलं तपासली. वर्गात नऊ जणांचा आकडा ७२००. चिमणी पुटपुटली, सगळे एकाच आईचे दिसतात. वर्ग हसला, मॅडम नाही. म्हणाल्या, उद्या सगळ्यांनी माझ्यासमोर मोजायचं.

२५ जून
बोटाला टोचलं ते थांबेचना. तीनदा कापूस बदलला. सुया या वेळी नको तितक्या धारदार आल्यात. मॅडमनी मला खुर्ची दिली. बाकी कुणाला दिली नाही. वयाची जाणीव करून देण्याची ही एक तऱ्हा. आकडा चाळीस हजार. रक्ताची स्लाइड करून रंगवली, त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, ताप येतो का, रात्री घाम येतो का. मी म्हटलं, खोलीची खिडकी लहान आहे. त्यांनी समोरच्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. उद्याच जा, म्हणाल्या. मी हो म्हटलं.

२६ जून
उद्याच म्हणजे अगदी उद्याच असं काही नसतं. प्रॅक्टिकल परीक्षा झाली की जाईन. चिठ्ठीचा कागद जाड आहे, पुस्तकात खुणेला बरा पडतो.

२ जुलै, पहाटे
उशीचा अभ्रा ओला. खिडकी उघडी होती. मग खिडकीचं कारण नसावं. गादीचं असेल. कापूस बदलून घ्यायचा.

५ जुलै
मुलीचा व्हिडिओ कॉल. बाबा, किती बारीक झालात! मी पट्टा दाखवला. ती म्हणाली, आईसुद्धा खूश होऊन सैल झालेले ब्लाउज दाखवायची, आठवतं का? मी म्हटलं, दुधावर लक्ष ठेवायला हवं, नि फोन ठेवला. दूध नव्हतं आणलेलं.
हिची गोष्ट वेगळी होती. तिला या विषयातलं काही कळत नव्हतं.

९ जुलै
दात घासताना रक्त. नवा ब्रश आणला, मऊ. तरी रक्त. तो मऊ नाही, दुकानदारानं फसवलं.
आज चिमणी अजिबात चिवचिवली नाही. माझी बॅग उचलून लिफ्टपर्यंत आली. म्हणाली, काका, एकदा कंट्रोल लावून बघू ना. कंट्रोल म्हणजे आधीच मोजलेलं बाटलीतलं रक्त, आकडा वर छापलेला असतो. आपला हात, द्रव, काच ठीक असेल तर तोच आकडा यायला हवा. मी म्हटलं, एवढ्यासाठी नवी बाटली कशाला फोडायची.

१३ जुलै
ठरवलं. एकदाच सगळं नीट करायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची. नवा द्रव, नवं पिपेट, कंट्रोलसुद्धा. मॅडमना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या, जणू वाटच पाहत होत्या.

१४ जुलै
सकाळी प्रयोगशाळेत मी, मॅडम आणि चिमणी. आधी कंट्रोल. बाटलीवर छापलेला आकडा आणि माझा आकडा जवळजवळ एकच. मग चिमणीचं रक्त. साडेसहा हजार. मग माझं. बासष्ट हजार. पुन्हा मोजलं. तेवढंच.
मॅडम म्हणाल्या, हात वर्गात सगळ्यांत चांगला आहे तुमचा. कौतुक करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चिमणी काचा धुवायला गेली आणि नळ उघडा ठेवून तिथंच उभी राहिली.
पहिल्या दिवसापासून माझं काहीच चुकत नव्हतं.

१४ जुलै, संध्याकाळ
मुलीला फोन केला. या वेळी दुधाचं सांगितलं नाही. ती सकाळच्या गाडीनं निघतेय. चिठ्ठी पुस्तकातून काढून शर्टाच्या खिशात ठेवली. अभ्यास कुठवर आला होता ते पान आता सापडायचं नाही.
इस्पितळात उद्या बाही वर करावी लागेल, सैल शर्टच बरा. प्रयोगशाळेच्या अ‍ॅप्रनची गरज नाही. पण धुवून दोरीवर टाकलेला होता. आणला, पाणी शिंपडलं, इस्त्री केली.