सव्वा मूठ डाळ आणि मेजर

जळगाव, श्रावणातला शुक्रवार

ती. रुपचंद नाना,
मावसभाऊ नवल याचा वाकून नमस्कार.

सोमवारी सकाळी अंघोळ, देवपूजा उरकून मी मिलमध्ये गेलो आणि जेवणाचा डबा हातात धरून शेठच्या केबिनबाहेर उभा राहिलो. तिथून तीनदा पाणी प्यायला परत फिरलो. तहान नव्हती. ते पुढे सांगतोच, आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. केळीला पाणी द्यायला स्वतः जाऊ नका. अक्कांना नमस्कार सांगा. (फोनच केला असता, पण तुम्ही फोन मोठ्या आवाजात लावता आणि निम्मं असोदा गाव ऐकतं.)

तर आमच्या डाळमिलमधून हरभरा डाळीचे कट्टे, भरलेली पोतीच्या पोती, कमी पडू लागले. मी गोदाम सांभाळतो, तेव्हा शेठ पहिल्यांदा मलाच विचारणार. त्या घाबरगुंडीत मी बोलून गेलो की धुळ्याला एका कारखान्यात चोरी थांबवायला कुत्रा ठेवलाय. स्वप्नीलशेठ नवीन विचारांचे. आठ दिवसांत धुळ्याहून कय्युमभाई नावाचे शिकवणारे आणि शेठनी विकत घेतलेला कुत्रा मेजर हजर. मेजर काळा, गंभीर, अधिकाऱ्यासारखा चालणारा. डाळीचा वास आला की तो भुंकत नाही, त्या माणसापुढे शांत बसतो. पहिल्या दिवशी सुटीच्या वेळी तो चाळीसच्या चाळीस माणसांपुढे बसला, कारण डाळमिलमध्ये माणसाच्या भुवईतसुद्धा डाळीचा भुगा असतो. मग सगळ्यांनी हातपाय धुऊन, कपडे बदलून बाहेर पडायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तो एकट्या शेठपुढे बसला. त्यांच्या खिशात व्यापाऱ्याला दाखवायची नमुन्याची डाळ होती. कोणी हसलं नाही. (घरी जाऊन हसले असतील.) कट्टा मात्र एकही सापडला नाही. कट्टा काही कोणी पदराला बांधून नेत नाही, तो ट्रकमधून जातो, आणि कुत्रा ट्रकजवळ बांधावा हे कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे, जेवायला बसलो की पहिला घास मुक्या जनावराचा. मेजर आल्यापासून ती पोळी त्याचीच झाली. यात माझा काही डाव नव्हता, हे देवाशपथ सांगतो.

आता कानबाईचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे देवीचे रोट, पुरणपोळीचा नैवेद्य, असतात. घरातल्या माणसामागे सव्वा मूठ गहू, तशीच पुरणाला डाळ. थोरले शेठ होते तोवर आदल्या दिवशी ते स्वतः दारात उभं राहून प्रत्येकाला सव्वा मूठ डाळ देत. ते गेले. तेव्हापासून ती आम्ही आपल्या हाताने घेतो. विचारायचं कोणाला, म्हणून विचारलं नाही, आणि ही चोरी असं कधी मनातही आलं नाही.

त्या शनिवारी मेजर झाडलोट करणाऱ्या भिकुबाईपुढे बसला. पारोळ्याकडची ही विधवा बाई अठरा वर्षं मिल झाडते. पदराच्या गाठीत सव्वा मूठ डाळ. शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नका. ती रडली नाही. म्हणाली, "मोठा शेठ सोता देयेत. हाई चोरी शे का, भाऊ? कुत्राले काय समजस कानबाई." हे 'भाऊ' मला होतं. तिच्या मागे मी उभा होतो, आणि माझ्या डब्यात रुमालात बांधलेली तेवढीच डाळ होती. मेजरने डबा हुंगला, माझ्याकडे पाहून शेपूट हलवली आणि बसला नाही. कय्युमभाईंनी डब्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. मी फाटकाबाहेर पडलो.

रविवारी रोट झाले. ती डाळ पुरणात घालायला हात धजला नाही. आरतीला उभा राहिलो तर कानबाईऐवजी भिकुबाईची गाठच डोळ्यांपुढे. चोरी केली की नाही हे मला अजून ठरवता येत नाही, पण दुसऱ्याला पुढे करून मागे लपलो हे ठरवायला वेळ लागला नाही.

तर चौथ्या वेळी पाणी न पिता आत गेलो आणि रुमाल टेबलावर सोडला. शेठ म्हणाले, "हे किती?"
"सव्वा मूठ."
"कोणाची मूठ?"
"माझी. पण देत होते तुमचे वडील."
त्यांनी आईला फोन लावला. माउलींचा आवाज मला समोरून ऐकू येत होता, "तुझ्या बापाने हाताने दिलेली डाळ तू कुत्र्याकडून हुडकून घेतोस?" शेठनी फोन ठेवला आणि भिकुबाईला बोलावणं पाठवलं. मंगळवारी भिकुबाई कामावर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, तुना डबा बराच जड व्हता वाटस." माझी नोकरी राहिली. मेजरची गेली. पोळीचं मी कबूल केलं तेव्हा, एका पोळीवर फितूर होणारा पहारेकरी नको, असं शेठ म्हणाले, आणि त्याला फितूर मीच केला म्हणून तो मलाच दिला.

तुमचा,
नवल

ता. क. मेजर स्वभावाने फार सज्जन. फक्त आमच्या घरी तो दिवसभर डाळीच्या डब्यापुढे बसतो, आणि तुमची भावजय दिपमाला म्हणते, मी माझ्याच स्वयंपाकघरात चोर झाले. परवा शेजारच्या रूपालीताई वाटीभर डाळ उसनी घेऊन निघाल्या तर त्यांच्यापुढे बसला. त्या आता बोलत नाहीत.

ता. क. दुसरा. तुमच्या बागेतले केळीचे घड चोरीला जातात असं मागे म्हणाला होतात. केळीचा वास त्याला शिकवलेला नाही, पण दिसायला तो पुरेसा आहे. चोर त्याला पोळी घालणार नाहीत एवढं बघा.

ता. क. तिसरा. तुम्ही विचार करून कळवा असं लिहिणार होतो. पण हे पत्र ज्या टेम्पोवाल्याने आणून दिलं, त्याच्या टेम्पोत मागे बघा. पहिला घास त्याचा.