दाराची कडी

प्रिय सुकयिंग,

हाँगकाँगहून थोरल्या भावाचे आशीर्वाद. खोकला थांबलाय, लेक रोज गरम पेज वाढते, तेव्हा काळजी करू नकोस. अंगणातल्या लिचीला मोहोर आला का?

काल लेकीने बाईचं रूप घेऊन पंडिताशी लग्न करणाऱ्या त्या कोल्हीणबाईचा नवा सिनेमा दाखवला. आपण लहानपणी गावच्या पटांगणात पाहिलेला तोच, पुन्हा काढलेला. चांदण्यातली कविता गाळलीय आणि तलवारींतून आगीचे लोळ निघतात. मी कानांवर हात ठेवले, तर लेक म्हणते, "बाबा, ही लढाई आहे, तुमचा कवितेचा तास नव्हे."

शेवटी मात्र मी हादरलो. जुन्या सिनेमात मांत्रिक दार फोडून कोल्हिणीला नेतो. यात तिचा नवरा, तो भित्रा पंडित, स्वतःच्या हाताने कडी काढतो. आजीच्या गोष्टीतही असंच होतं, आपण विसरलो होतो. एवढा गोंगाट करूनही नवाच सिनेमा खरा निघाला.

म्हणून आज हे पत्र लिहायला बसलो. आपल्या बाबांनी ठरवलेलं ते लग्न नको म्हणून तू माझ्या खोलीत पलंगाखाली लपली होतीस, तेव्हा त्यांनी दार फोडलं, असं मी तुला आजवर सांगत आलो. ते खोटं आहे, सुकयिंग. कडी मीच काढली होती.

रागाचं का होईना, उत्तर लिही.

तुझा दादा,
खामचुन