चिंचेच्या फांदीची मजुरी

॥ श्री ॥

शहापूर, चैत्र वद्य ४, शके १८५७

चि. भरमूस मालूआक्काचे अनेक आशीर्वाद.

इथे सर्व खुशाल. चिंचेची मोठी फांदी आता हातमागाच्या खोलीवर रेलली आहे. वारा सुटला की कौलं करकरतात आणि मी देवाचं नाव घेते. पावसाळ्याआधी ती उतरवायला हवी. निपाणीला फांदी छाटायचं काय घेतात ते कळव, म्हणजे इथे मला कुणी फसवणार नाही. वडगावचा भावकू माग विकत मागतो आहे, तोवर तो धड राहायला हवा. तुझे दाजी गेल्यापासून वर्षभर मी त्याला हात लावलेला नाही. त्यांनी विणायला घेतलेली साडी अर्धीच पडून आहे. यावर तू भांडायचं नाहीस. फक्त दर कळवायचा.

तंबाखू विकायची तेवढी विक, खाऊ नकोस. आक्काची आठवण ठेव.

॥ श्री ॥

निपाणी, चैत्र वद्य ९

ती. गं. भा. मालूआक्कास धाकट्या भरमूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फांद्या छाटणाऱ्यानं नेल्या तर आठ आणे. जळण आपण ठेवलं तर दोन रुपये, आणि खाली कौलं असतील तर वर एक जेवण. पण खरा दर हे लोक झाड बघून नव्हे, घर बघून सांगतात. पाडव्याला हौसेनं भिंती रंगवल्यास ना, आता भोग.

भांडू नको म्हणालीस म्हणून भांडत नाही. पण त्या मागाचा खटखटाट ऐकत मी तुझ्याकडे राहून शाळा शिकलो. तो भावकूकडे गेला तर मला तुझं घर ओळखू यायचं नाही. पुढच्या आठवड्यात माल घेऊन बेळगावला येतोय, पण गडबडीत आहे, तुझ्याकडे येणं जमणार नाही.

राग धरू नये, धरला तर फार दिवस धरू नये.

॥ श्री ॥

शहापूर, वैशाख शुद्ध ३

चि. भरमूस आशीर्वाद, आज जरा कमीच. बेळगावपर्यंत येऊन बहिणीच्या दारात पाय टाकला नाहीस.

फांदी उतरली. सांबऱ्याचा यमनाप्पा म्हणून एकजण आपणहून आला, झाडावर चढला आणि एकही कौल न फोडता दोरानं फांदी खाली आणली. दर आधी ठरवायचा असतो, हे मला तो वर चढल्यावर आठवलं. दोन रुपये पुढे केले तर म्हणाला, पैसं नगंत आक्का, आमच्या बायकूला, चंपाबाईला साडी पायजे, तीबी तुमच्या हातची. दुकानातली देते म्हटलं तर ती नको. रोज कट्ट्यावर येऊन बसतो, तंबाखू मळतो आणि लई न्हाय मागत म्हणतो. एका फांदीला साडी! काय करू ते लगेच लिही, म्हणजे उरलेले आशीर्वाद पाठवते.

॥ श्री ॥

निपाणी, वैशाख शुद्ध ८

ती. गं. भा. आक्कास सा. नमस्कार वि. वि.

वाचून अंगाची आग झाली. साडीच्या किमतीत इथे अख्खी आमराई छाटून मिळते. असल्या लुच्च्याला दारात उभं करू नये! पण आक्का, त्यानं काम केलं आहे, आणि दाजींनी कुणाची मजुरी कधी ठेवली नाही. मागावरची ती अर्धी पुरी कर आणि दे त्याच्या हातात. मग माग खुशाल विक, मी चकार शब्द काढणार नाही.

तुझे पाय धरणारा आणि अधूनमधून ओढणारा, भरमू.

॥ श्री ॥

शहापूर, ज्येष्ठ शुद्ध २

चि. भरमूस अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेलेही यात धर.

साडी पुरी झाली. पहिल्या दिवशी मागाचा धोटा हातात घेतला आणि पोटभर रडले. मग बसले. फांदी गेल्यामुळे मागावर इतका उजेड येतो, की ह्यांनी कुठे सोडलं आणि मी कुठून धरलं ते मला लख्ख दिसतं. चंपाबाईला मात्र दिसलं नाही. साडी नेसून ती दाखवायला आली, निऱ्या ह्यांच्या हातच्या, पदर माझा. मला फार बरं वाटलं.

यमनाप्पा कट्ट्यावर तंबाखूची पुडी विसरून गेला. पुडीवर तुझ्या दुकानाचा शिक्का आहे. बेळगावला फार गडबड होती नाही का तुला! मजुरी काय मागायची हे त्याला तू शिकवलंस, याचा मला राग यायला हवा होता. आला नाही.

भावकूला माग मिळणार नाही म्हणून सांगितलं. नवा ताणा लावायचा आहे, सूत तुझ्या पैशानं. ते घेऊन स्वतः ये. गल्लीत शिरलास की खटखटाट ऐकत ये, घर चुकणार नाही.

तुझी आक्का