बासष्टावं गुपित

९ मार्च १९८७, सोमवार
चेअरमनसाहेबांनी, म्हणजे मोहनरावांनी, आज केबिनमध्ये बोलावलं. येत्या बावीस तारखेला, रविवारी, जिल्ह्याहून प्रोजेक्टरची गाडी येणार. जुने कार्टून पिक्चर दाखवणार. दुष्काळामुळे कारखान्याच्या आवारात गुरांची चारा छावणी आहे, तिथल्या माणसांना तेवढाच विरंगुळा. जागा: साखरेचं गोदाम. साखर नाहीच, ऊसच नव्हता, त्यामुळे गोदाम रिकामं आणि भर दुपारी अंधारं. साहेब म्हणाले, पिक्चरच्या आधी कुणीतरी चार शब्द माहिती सांगावी. बोलताना ते माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होते, पण रोख माझ्यावरच होता. मी लगेच होकार दिला.

अख्ख्या आष्टी तालुक्यात कार्टूनच्या पडद्यामागची माहिती फक्त माझ्याकडे आहे. बीडच्या रद्दीतून सोळा वर्षं मासिकं आणतोय. फाईलमध्ये आजवर एकसष्ट गुपितं जमली. स्टोअर क्लार्क ही माझी नोकरी आहे, ओळख नव्हे.
संकल्प: चाळीस मिनिटं बोलायचं. कागद न बघता.

११ मार्च, बुधवार. सकाळी ७
गुपित क्र. ९: चित्रकार टेबलावर आरसा ठेवून स्वतःचं तोंड वेडंवाकडं करतात आणि ते बघून चित्र काढतात. हे भाषणात करून दाखवायचं म्हणून दाढीच्या आरशात सराव केला. राग, आनंद, आश्चर्य. आश्चर्य चालू असताना सावित्री आली. तिनं न विचारता दाढेत लवंग ठेवली. कलावंताच्या घरात कलेची जाण असेलच असं नाही.

१३ मार्च, शुक्रवार
वाईट बातमी. आसाराम शिपाई चहा देताना म्हणाला, बालवाडीच्या वत्सलाबाई मुंबईला कार्टूनच्या कंपनीत होत्या म्हणे. अकरा वर्षं.
मी म्हणालो, शक्य नाही.
तो म्हणाला, "कावून शक्य न्हाई? मालक गिरणीत व्हता त्यांचा. संपात गिरणी गेली, मग मालकबी गेला, तवा आल्या माघारी. त्याआदी तिकडंच व्हत्या की."
मी पोस्ट विचारली. म्हणाला, चित्रं रंगवायला.
म्हणजे रंगारी. डायरेक्टर नव्हे. काळजीचं कारण नाही.
रात्री जेवण गेलं नाही. उन्हामुळे असेल.

१६ मार्च, सोमवार
बालवाडीत सहज डोकावलो. वत्सलाबाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. मुलांची नखं कापत होत्या. मी गप्पांच्या ओघात परीक्षा घेतली.
प्रश्न १: कार्टूनच्या हाताला चारच बोटं का? (गुपित क्र. ३.) म्हणाल्या, "एक बोट कमी काढलं की हजार चित्रांत हजार बोटं वाचतात." बरोबर. पण हे कुणीही तर्कानं सांगेल.
प्रश्न २: आरसा. म्हणाल्या, "आरसा वरच्या साहेब लोकांकडं असायचा. आम्हा बायकांकडं बादली."
मी विचारलं, बादली कशाला?
म्हणाल्या, चित्रं काचेसारख्या पारदर्शक शीटवर असायची. रेघ पुढून, रंग मागून. हातात सुती मोजे, बोटांची टोकं कापलेले, म्हणजे डाग पडत नाही आणि ब्रशही धरता येतो. फोटो काढून झाले की शीटा परत खाली यायच्या. शीट महाग. मग बादलीत बुडवून धुवायच्या आणि त्यावरच पुढचं चित्र. "महिनाभर रंगवलेलं दोन दिवसांत धुवून टाकायचो. पाणी हिरवं, निळं, गुलाबी व्हायचं. पोरी म्हणायच्या, रंगपंचमी."
हे माझ्या फाईलमध्ये नव्हतं. सोळा वर्षांत नव्हतं!
घरी येऊन क्र. ६२ म्हणून लिहून घेतलं. खाली लिहिलं: स्वतःच्या संशोधनातून. बालवाडीपर्यंत चालत मीच गेलो होतो.

१८ मार्च, बुधवार
चेअरमनसाहेबांच्या कानावर गेलंच. म्हणाले, त्या बाईंनाही स्टेजवर बसवा, तुम्हीच निरोप द्या.
निरोप दिला. कार्यक्रम तेवीसला, सोमवारी आहे असं सांगितलं. तारीख सांगताना जीभ जरा घसरली. पुन्हा जाऊन दुरुस्त करणार होतो, पण दुपारी ऊन फार आणि संध्याकाळी टँकर आला. शिवाय बाई लाजाळू आहेत. स्टेजवर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असतं.

२२ मार्च, रविवार
लिहायचं मनात नव्हतं. तरी शिस्त म्हणून.
गोदामात चारशे माणूस. पोती अंथरली होती. दोन कालवडीही आत आल्या. माझी सुरुवात उत्तम. चार बोटांना हशा. आरशाचं करून दाखवलं, पुढच्या रांगेत एक तान्हं रडायला लागलं, म्हणजे भाव पोचला. मग ठासून म्हणालो, "मंडळी, पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं काढावी लागतात! चोवीस!"
मागून आवाज आला, "बाराच काढायचो, दादा."
वत्सलाबाई. दाराशी उभ्या. शेजारी सावित्री, माझी बायको. तीच त्यांना घेऊन आली होती. सकाळी टँकरपाशी भेटल्या म्हणे.
साहेबांनी विचारलं, बारा कशी? बाई म्हणाल्या, फोटो चोवीसच, पण बहुतेक वेळा एका चित्राचे दोन फोटो घ्यायचे. डोळ्याला कळत नाही. जिथं फार जोराची हालचाल, तिथंच चोवीस काढायची. लोक टाळ्या वाजवायला लागले. बारा कमी आहे आणि चोवीस जास्त, तरी टाळ्या बाराला.
साहेबांनी त्यांना पुढे बोलावलं. त्यांनी बादलीचं सांगितलं. माझं क्र. ६२! मागच्या रांगा पुढं सरकल्या. टँकरच्या चार हंड्यांवर दिवस काढणारी माणसं, आणि ही बाई चित्रं धुवायच्या पाण्याचे रंग सांगतेय.
मग बायनाबाई उठली. धामणगावाकडची म्हातारी, छावणीत एका गाईसोबत आलेली. तिची कपिली गेल्या मंगळवारी दावणीतच गेली. ती म्हणाली, "बाई, म्हंजी जे न्हाई, ते तुमाला चालवून दाखवता येतं?"
वत्सलाबाई म्हणाल्या, येतं.
"मग माझी कपिली चालवा की."
कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, बाईंना जे लागेल ते स्टोअरमधून द्या. स्टोअरमधून म्हणजे माझ्याकडून.
माझी सदतीस गुपितं सांगायची राहिली.

२३ मार्च, सोमवार
सकाळी दहाला वत्सलाबाई स्टोअरच्या खिडकीशी. म्हणाल्या, "तुम्ही आजची तारीख दिली होती. म्हणून आजही आले."
मी खोकलो.
त्यांना वजनकाट्याच्या पावत्यांचे कोरे पॅड हवेत. हंगामासाठी छापून घेतलेले, ऊसच आला नाही म्हणून तसेच पडलेत. पाठ कोरी, कागद जाड. एकेका पावतीच्या पाठीवर एकेक चित्र काढायचं आणि अंगठ्यानं भराभर सोडायचं, की चित्र चालतं.
मी लेखी अर्ज मागितला. तीन प्रती. नियम म्हणजे नियम. त्यांनी तिथंच उभ्यानं लिहून दिला. असं अक्षर मी फक्त सिनेमाच्या पाटीवर पाहिलंय.
अर्ज विचाराधीन ठेवला.

२६ मार्च, गुरुवार
बाईंना गाय चालवता येते, तर मला का नाही? सिद्धांत माझ्याकडे आहेच. स्टोअरमधला एक पॅड चाचणीसाठी वापरला. चोवीस पानं काढली, कारण मी चोवीस म्हणालो होतो.
अंगठ्यानं सोडून आसारामला दाखवलं. त्यानं तीनदा बघितलं. म्हणाला, "लई भारी. म्हैस डुंबतीय व्हय?"
सावित्रीला दाखवलं. ती म्हणाली, भोपळा घरंगळतोय, छान जमलाय.
कागदाचा दर्जा चांगला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या छापखान्याकडून घ्यावेत असा शेरा लिहिणार.

३० मार्च, सोमवार. गुढीपाडवा
नव्या वर्षाचा संकल्प: कुणाचाही हेवा करायचा नाही. मन मोठं ठेवायचं.

त्याच दिवशी, दुपारी ३
सावित्री वत्सलाबाईंना मदत करायला गेली. म्हणाली, त्या एकट्या, पाडव्याचं गोडधोड त्यांना कोण देणार. पोळ्या डब्यात घालून गेली. मला दोन ठेवल्या. मोजून दोन.
संकल्प उद्यापासून.

३१ मार्च, मंगळवार
चेअरमनसाहेब स्वतः स्टोअरमध्ये. अर्ज माझ्या ट्रेमध्ये, त्यावर माझा चहाचा कप. साहेब काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळ्या ऑफिसनं ऐकलंय, त्यामुळे नोंदीची गरजही नाही.
दोन डझन पॅड दिले. आसारामच्या डोक्यावरून पाठवले. मोकळ्या मनानं.

६ एप्रिल, सोमवार
छावणीत कडब्याच्या गंजीच्या सावलीत गर्दी दिसली. ड्यूटी म्हणून गेलो.
वत्सलाबाईंनी पॅड बायनाबाईच्या हातात दिला. अंगठा कसा धरायचा ते दाखवलं. पहिल्यांदा पानं चिकटली. दुसऱ्यांदा सुटली आणि गाय चालली.
खरंच चालली. खांद्याचं हाड वरखाली होत होतं. चार पावलं टाकून ती थांबली, मान वळवून बघणाऱ्याकडं बघितलं, आणि परत चालायला लागली.
बायनाबाईनं पानं परत जुळवली. परत सोडलं. परत. दहा-बारा वेळा. मग म्हणाली, "आशीच बघायची माघारी. मी येतीया का न्हाई म्हून."
एक चूक माझ्या तेव्हाच लक्षात आली होती. शेपूट मध्येच मोडल्यासारखं, डावीकडं वाकडं. एवढ्या अकरा वर्षांच्या अनुभवानंतर! मी सगळ्यांसमोर ते दाखवून दिलं.
बायनाबाई म्हणाली, "वासरू व्हती तवा दारात चेमाटली व्हती शेपटी. वाकडीच व्हती ती."
वत्सलाबाईंनी आधी दोन दिवस तिच्याशेजारी बसून सगळं विचारून घेतलं होतं म्हणे. माझ्या फाईलमध्ये याबद्दल काही नाही.
कडब्याची धूळ फार. डोळ्यांत गेली. घरी येऊन दोनदा डोळे पुसले. पाणी वाया नको म्हणून धुतले नाहीत.

८ एप्रिल, बुधवार
राहवलं नाही. बालवाडी सुटल्यावर गेलो. मुद्द्याचं विचारलं: पिक्चरच्या शेवटी पडद्यावर नावं येतात, त्यात तुमचं नाव कितीदा आलं? मला आकडा हवा होता. आकडा कळला की माणसाला झोप लागते.
वत्सलाबाई पाट्या पुसत होत्या. म्हणाल्या, "एकदाही नाही."
मी म्हणालो, अकरा वर्षांत?
"नावं लिहायचं काम मात्र माझ्याकडंच होतं. अक्षर चांगलं म्हणून. साहेबांची नावं काळ्यावर पांढऱ्यानं लिहायची. एकदा एका साहेबाच्या नावात वेलांटी चुकली, तर दिवसाचा पगार कापला." त्या हसल्या. मला हसता आलं नाही.
मी म्हणालो, तारीख चुकून सांगितली नव्हती मी.
म्हणाल्या, "माहितंय. सावित्रीबाई तेव्हाच म्हणाल्या."
आणि पाट्या पुसत राहिल्या. मीही एक फडकं घेऊन चार पाट्या पुसल्या. सांगितलं नव्हतं कुणी.
घरी येऊन फाईल काढली. क्र. ६२ खालचं 'स्वतःच्या संशोधनातून' खोडलं. तिथं लिहिलं: श्रीमती वत्सलाबाई यांच्याकडून. अक्षर जरा बारीक आलं, पण आलं.

१२ एप्रिल, रविवार
साहेबांनी गोदामात बाईंचा चित्रांचा वर्ग चालू केला. दर रविवारी, छावणीतल्या कुणासाठीही. स्टोअरचं साहित्य वापरलं जात असल्यानं पाहणी करणं माझं कर्तव्य. पाहणी नीट व्हावी म्हणून पेन्सिल आणि एक पॅड घेऊन गेलो.
बाईंनी मला तिसऱ्या रांगेत पोत्यावर बसवलं. शेजारी बायनाबाई. पलीकडे सावित्री. पहिला धडा: हात न उचलता एक सरळ रेघ. बस्स. गाय नाही, हत्ती नाही. मी बाईंना म्हणालो, मला थिअरी येते, मी थेट पुढच्या धड्याला बसू का? त्या म्हणाल्या, "दादा, आधी रेघ."
सतरा रेघा काढल्या. सतराही खाली उतरल्या, सगळ्या एकाच बाजूला. पोतं तिरकं होतं. बाजू बदलून बघितलं, तर दुसऱ्या बाजूला उतरल्या.
बाई फिरत फिरत आल्या. माझ्या कागदाकडं बघून म्हणाल्या, मनगट सैल सोडा. आणि पुढे गेल्या. बायनाबाईपाशी मात्र थांबल्या. तिचा हात हातात घेतला. चांगली दोन मिनिटं. मी घड्याळात बघितलं.
आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल धरलेली ही म्हातारी. तिची रेघ माझ्यापेक्षा सरळ आली.
बाई तिला जरा जास्तच शिकवतात.