तीन इंच उंच ओटा

तीर्थरूप वन्संना वाकून नमस्कार (सध्या या घरात वाकून करण्यासारखं एवढंच उरलंय, कारण पुढे येईल).

तुमचे गुडघे कसे आहेत? माझे आहेत, याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

निवृत्तीनंतर घरी बसून काय करावं याचा तुमच्या धाकट्या भावाने विचार केला आणि दुर्दैवाने त्यांना उत्तर सापडलं. स्वयंपाकघरातला दगडी ओटा काढून तिथे स्वतःच्या हाताने सागवानी ओटा करायचा, खाली लाकडी पाय. सहा फळ्या सरस लावून, क्लॅम्पात आवळून दीड महिना आमच्या बेडरूममध्ये निजल्या होत्या आणि आम्ही दोघं हॉलमध्ये सतरंजीवर. (सरसाला वारा लागलेला चालत नाही म्हणे. माझ्या पाठीला चालतो.) मग रंधा, मग पॉलिशपेपर, मग जवसाच्या तेलाचे पाच हात. भुसा चहात, भुसा चष्म्यात, भुसा माझ्या पेन्शनच्या फायलीत.

ओटा देखणा झालाय, हे मी कोणालाही सांगेन. फक्त त्यांना सांगितलेलं नाही. कारण तो तीन इंच जास्त उंच झालाय. ओटा म्हणे बाईच्या कोपराच्या चार बोटं खाली हवा. त्यासाठी मला भिंतीशी उभं करून तीनदा माप घेतलं, पेन्सिलीने रेघ ओढली, आणि तरी ही गत. कांदा चिरताना मी बँकेच्या खिडकीत पासबुक सरकवतेय असं वाटतं. खांदे कानांना भेटतात. टेप उलटी धरली होती का, असं मी विचारलं (दिवसातून दोनदा, जास्त नाही). तर म्हणाले, “पाट करून देतो, त्यावर उभी राहा.” मी म्हटलं, “व्यासपीठावरून भाषण करतात, भाजी परतत नाहीत.”

तेव्हापासून ते गप्प आहेत. रोज सकाळी भिंतीवरची रेघ मोजतात, मग ओटा मोजतात. दोन्ही जुळतात आणि चेहरा आणखी पडतो. रविवारी रंधा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. “नजर गेली माझी. आता लाकडाला हात लावायचा नाही,” म्हणाले.

बाकी सगळं ठीक.

तुमची भावजय

ता. क. तुम्ही तीस वर्षं नर्स होतात आणि दुखण्याखुपण्यात ते फक्त तुमचं ऐकतात, म्हणून एक बारीकसं काम. माप घेतलं त्या दिवशी माझ्या पायात तीन इंची टाचांच्या सँडल होत्या, साडीखाली दिसल्या नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये युनिफॉर्मचं माप बूट घालूनच द्यायची शिस्त होती. माप म्हटलं की माझे पाय आपोआप बुटांत जातात. इतके दिवस त्यांना ऐकवल्यावर आता हे कोणत्या तोंडाने सांगू? तेव्हा या वयात बाई दोन महिन्यांत तीन इंच खचू शकते, असं तुमच्या अक्षरात कळवा. ओट्याचे पाय कापतील, रंधा खाली येईल, माणूस बोलू लागेल.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं. शेवटी मीच तुमचं नाव घेऊन, मी तीन इंच खचलेय असं सांगून टाकलं. रंधा खाली आला, बोलणंही सुरू झालं. पण ओटा कापायला तयार नाहीत, कारण माझी उंची परत येईल अशी त्यांना खात्री आहे. दोन वेळा पेलाभर दूध पाजतात आणि लोंबकळण्यासाठी दारात सागवानी दांडा बसवलाय. गेलेली उंची परत येत नाही, हेही लगेच लिहा. दांडा माझ्या जुन्या उंचीच्या मापाने केलाय, त्यामुळे हात पोचत नाही. पाट घ्यावा लागतो.