पुसायच्या आधी वाचलेलं

आप्पा,

शाळेत आज तपासणी आहे, म्हणून सकाळच्याच गाडीनं पालमला जायलेय. तुम्हाला उठवलं नाही. दशम्या डब्यात आहेत.

नवा कॉम्प्युटर घरातलं सगळं कंपनीला कळवतो, ही तुमची शंका खरी निघाली. आपण कुठं आहोत, काय शोधतो, काय बोलतो, सगळं तिकडं जात होतं. मी ते बंद केलंय आणि कॅमेऱ्यावर माझी टिकली चिकटवलीय, ती काढू नका. अपडेट करू का म्हणून विचारलं तर 'नंतर' दाबा. मी आल्यावर बघते.

जुन्या नोंदी पुसताना मात्र माझं चुकलं. तुम्ही बोलून टाइप केलेलं तिथं साठलं होतं आणि पुसायच्या आधी मी ते वाचलं. 'हात लय थरथरायलाय, पेन धरवंना, काय करावं,' असं तुम्ही त्याला चार वेळा विचारलंय. आम्हाला तर म्हणत होता, बोलून लिहायला मजा येते. तहसीलमध्ये तुमच्या अक्षराचं नाव होतं, तरी मला शंका कशी आली नाही?

कंपनीला नावं ठेवता ठेवता मीही तेच केलं. माफ करा.

कॉम्प्युटरमधलं पुसलं, पण माझ्या डोक्यातनं ते जात नाही. शनिवारी परभणीला डॉक्टरकडं नंबर लावलाय. दहाला तयार राहा, मी सोबत येते.

आईला मी काही बोलले नाही. तिला कधी सांगायचं, ते तुमच्याच हातात आहे.

धम्मशीला