गुडघ्यांच्या गोळ्या

चिऊ,

मी मावशीकडे जातेय. जेवण फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

इस्त्रीचे कपडे ठेवायला तुझं कपाट उघडलं, तर तुझी निळी वही सापडली, आणि मी ती वाचली. म्हणजे तू गुडघ्यांसाठी म्हणून देत होतीस त्या गोळ्या मेंदूतल्या चरबीसाठी होत्या. ती चरबी उतारवयात बिघडली की आठवण दगा देते, हे प्रयोगशाळेतून आल्यावर मला कितीदा समजावलंस. प्रयोग माझ्यावरच चाललाय, तेवढं सांगायला मात्र विसरलीस.

रोज सकाळी विचारायचीस, "आई, काल काय काय केलंस?" मला वाटायचं, लेक मायेनं विचारतेय. तू माझ्या आठवणीला गुण देत होतीस. वहीत आई हा शब्दसुद्धा नाही, 'स्त्री, वय ६८' आहे. नुसतं विचारलं असतंस तरी मी त्या गोळ्या हसत घेतल्या असत्या.

गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवलीय. वहीतली एक नोंद तेवढी दुरुस्त कर. मंगळवारी दूध उतू गेलं, ते मी गॅस विसरले म्हणून नाही. तू खोलीत दार लावून रडत होतीस आणि मी बाहेर उभी होते, दार वाजवू की नको या विचारात.

आई